चिन्ह आपलं, करार कुणाचा?

प्रतीक म्हणजे काय, हे सांगणारी जाडजूड पुस्तकं प्रस्थापितांच्या कपाटात ढिगानं आहेत. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. प्रतीकाचा धडा मला सूतगिरणीच्या वाइंडिंग खात्यात मिळाला. तिथं सूत कागदी कोनावर गुंडाळतात आणि काउंटप्रमाणे कोनाच्या टोकाला वेगवेगळा रंग असतो. सुतं बघायला सारखीच. रंग चुकला, दोन काउंट मिसळले, तर पुढं कापडावर पट्टे उठतात. पण निळ्या टोकात कसला आकडा दडलेला नसतो. गिरणीनं ठरवलं म्हणून निळ्याचा तो अर्थ. उद्या ठरवलं तर लालचा होईल. चिन्ह करारावर चालतं. आणि करार म्हटला की कामगार पहिला सवाल टाकतो : करार केला कुणी? आमची सही कुठाय?

हाच सवाल मी मराठी भाषेला आणि संस्कृतीला टाकतो.

पेशवाईत अस्पृश्याच्या मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा, पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं. बाबासाहेबांनी हे लाहोरच्या १९३६ सालच्या, होऊ न दिलेल्या भाषणात लिहून ठेवलंय. मडकं कुंभाराच्या चाकावर सगळ्यांसाठी सारखंच फिरतं. घरात ठेवलं तर पाणी गार करतं. तेच आमच्या गळ्यात आलं की अर्थ होतो : याची थुंकीसुद्धा भुईवर पडू नये. 'जोहार मायबाप' हे जिभेला बांधलेलं तसलंच मडकं. म्हणताना कंबर वाकलीच पाहिजे. 'जय भीम' म्हणताना कुणी वाकत नाही. शब्द बदलला आणि पाठीचा कणा सरळ झाला. प्रतीकाची ताकद मी याला म्हणतो. सदाशिवपेठी समीक्षक चंद्र-चांदण्यांत जी शोधतात, तिला नाही.

दलित साहित्यानं काय केलं हे बघायचं तर आधी पुस्तकांची नावंच बघा. शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' १९८४ चं. तोळ्याचे मासे बारा. अकरा भरले तर माल खोटा. गावानं ही सोनाराची भाषा माणसाला लावली आणि आईबापाच्या नात्यावरून लेकराला शिवी घातली. लिंबाळ्यांनी ती शिवी उचलून मुखपृष्ठावर छापली. आता वाचणाऱ्यालाच विचारावं लागतं, हा तराजू कुणाचा, वजन केलं कुणी? दया पवारांचा 'कोंडवाडा' १९७४ चा. मोकाट ढोरं कोंडायची आणि दंड भरल्याशिवाय सोडायची नाहीत, हे खेड्यात कुणाला समजवावं लागत नाही. त्या एका शब्दामागं शेणामुताचा वास आहे, कडी-कुलूप आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले कितीतरी शब्द अडले. का? कारण पहिल्यांदाच करार आमच्या वस्तीत लिहिला गेला होता, आणि अर्थ विचारायला त्यांना यावं लागलं.

इथवर ठीक. आता आपल्याच घरात बघू.

हल्ली जयंतीच्या कविसंमेलनात बसलो की सूर्य मोजतो. दर तिसऱ्या ओळीला एक उगवतो. मग वादळ, मग निळं आभाळ, मग मशाल. टाळ्या पडतात. पण हा सूर्य कुणाच्या दारात उगवला? त्याच्या आधीची रात्र कुठली? कवी सांगत नाही, कारण त्यानं तो उसना आणलाय. असं प्रतीक म्हणजे रबरी शिक्का. शिक्क्याची भानगड अशी की तो कुणाच्याही हाताला लागतो. ज्यांना आपली वस्ती फक्त मतदानाला दिसते, तेही निवडणुकीच्या फ्लेक्सवर निळा रंग फासतात आणि आपणच खाली उभं राहून फोटो काढतो. अर्थ ढिला पडला की करार गुपचूप मालकाच्या खिशात परत जातो. म्हणून मी कवितेशी भांडतोय. ही नुसती शैलीची गोष्ट नाही.

नाशिकच्या कवींना तर मी जास्तच विचारणार. आपल्या कवितेत काळाराम मंदिराचं बंद दार हटकून येतं. पण कुठल्या सालचं दार? २ मार्च १९३० ला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं तिथं उभी होती तेव्हा, ते दार हिंदू मनाची परीक्षा होतं. नुसतं देवळात जाऊन आपले प्रश्न सुटणार नाहीत, हे बाबासाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं. परीक्षेत समोरचा नापास झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि त्या दाराकडं पाठ फिरली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात तर आपली वाटच वेगळी झाली. दार तेच, अर्थ तीन. तरी आजचा कवी देवाला 'उघड ना रे' म्हणून विनवत उभा असेल, तर त्याची कविता येवल्याच्या अलीकडंच राहिली.

माझं मागणं फार नाही. सूर्य लिहा, दार लिहा, निळा रंग लिहा. पण प्रत्येक चिन्हामागं एक जागा, एक तारीख आणि एक जिवंत माणूस उभा करा. तो नसेल तर ती ओळ खोडा. चिन्हं आपल्या माणसांनी डोकी फोडून घेऊन मिळवली आहेत. ती फुकट उधळायचा हक्क कुठल्याच कवीला नाही.