भिवंडी, ‘तमस’ आणि आपले मत

एखादा चित्रपट किंवा मालिका वादात सापडली की मराठी मुसलमानाला दोन ठिकाणी जबाब द्यावा लागतो. कचेरीतला सहकारी विचारतो, ‘‘तुम्हां लोकांचं यावर काय म्हणणं आहे?’’ संध्याकाळी मोहल्ल्यातल्या चहाच्या हॉटेलात विचारणा होते, ‘‘तू आपल्या बाजूने आहेस ना?’’ दोन्ही प्रश्नांत एकच गोष्ट गृहीत धरलेली असते, की मत समाजाचे असते, माणसाचे नसते. ती कलाकृती तू पाहिली आहेस का, हा साधा प्रश्न मात्र दोन्हीकडे क्वचितच निघतो. कादंबरीतला, पडद्यावरचा माणूस बरा वागला की वाईट, यावर बोलणे म्हणजे आपल्या रोजच्या वागण्याबद्दल बोलणे असते. म्हणूनच ते मत कसे बनवावे आणि कसे मांडावे, याचा विचार करायला हवा. त्यासाठी भिवंडीशी घट्ट नाते असलेली एक कलाकृती आपल्यासमोर आहे. ती म्हणजे भीष्म साहनी यांची ‘तमस’.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल पेटली. तिचे लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेले. पुढे न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. दंगलीनंतर अभिनेते बलराज साहनी आणि त्यांचे धाकटे बंधू भीष्म साहनी भिवंडीत आले होते. उजाड मोहल्ले आणि बंद पडलेले माग पाहताना भीष्मजींना १९४७ सालची रावळपिंडी आठवली. तिथे त्यांनी स्वतः मदतकार्य केले होते. भिवंडीहून परतल्यावर ‘तमस’ लिहायला सुरुवात झाली, असे त्यांनी आपल्या आत्मकथनात नमूद केले आहे. या कादंबरीला १९७५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यातली माणसे पंजाबची आहेत, काळ फाळणीच्या तोंडावरचा आहे. पण तिला जन्म देणारी राख भिवंडीची आहे.

गोविंद निहलानी यांनी या कादंबरीवर केलेली मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. थोडेच भाग दाखवून झाले होते आणि वाद उभा राहिला. हिंदुत्ववादी संघटनांनी निदर्शने केली. मुंबई उच्च न्यायालयात एका नागरिकाच्या अर्जावरून प्रक्षेपणाला तात्पुरती मनाई मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी जे केले ते समीक्षेचा धडा म्हणून लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी संपूर्ण मालिका आधी पाहिली आणि नंतर मनाई उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्या न्यायालयानेही प्रक्षेपण थांबवण्यास नकार दिला. दुबळ्या, शंकेखोर मनाच्या प्रेक्षकाच्या मापाने कलाकृती मोजू नये. विचारी आणि खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेने तिचा परिणाम पाहावा, असा त्या निर्णयाचा आशय होता. ज्यांच्या हाती मालिका बंद करण्याचा अधिकार होता, त्यांना ती पूर्ण पाहावीशी वाटली. ज्यांच्या हाती तसा अधिकार नव्हता, त्यांतल्या अनेकांना मात्र ऐकीव माहिती पुरेशी वाटली.

‘तमस’वर मुसलमान वाचकाचा जो आक्षेप असू शकतो, तो पहिल्या काही पानांतच उभा राहतो. नत्थू हा कातडी कमावणारा गरीब माणूस. जनावरांच्या डॉक्टरला हवे आहे असे सांगून मुराद अली त्याच्याकडून एक डुक्कर मारून घेतो आणि पाच रुपये देतो. दुसऱ्या दिवशी मेलेले डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते आणि शहर पेटते. म्हणजे आग लावणाऱ्याचे नाव मुसलमानाचे! मालिकेत हे काम पंकज कपूर यांनी केलेल्या ठेकेदाराकडे आहे. कादंबरीत मात्र नाव स्पष्ट आहे. एवढेच वाचून पुस्तक मिटले तर राग येणे स्वाभाविक आहे. पण पुस्तक तिथे संपत नाही. रणवीर नावाच्या कोवळ्या हिंदू मुलाला आधी कोंबडी मारायला लावून हिंसेची दीक्षा दिली जाते. त्याच्याच टोळीतला एक पोर रस्त्याने जाणाऱ्या अत्तरवाल्याच्या पोटात चाकू खुपसतो. तेवढाच भाग वाचणाऱ्या हिंदू वाचकालाही असाच राग येईल. दोघेही अर्धेच वाचून रागावलेले असतील आणि दोघेही आपापल्या समाजाच्या नावाने बोलत असतील.

पूर्ण वाचणाऱ्याला शाहनवाज भेटतो. माझ्या मते या कादंबरीतली सर्वांत खरी व्यक्तिरेखा हीच. हा सुखवस्तू मुसलमान दंगलीत आपला हिंदू मित्र रघुनाथ याच्या कुटुंबाला सुरक्षित जागी पोहोचवतो. मित्राच्या बायकोचे दागिने आणायला स्वतः त्यांच्या बंद घरी जातो. दागिने घेऊन परतताना मात्र जिन्यात त्या घरचा गरीब नोकर मिलखी समोर असतो. क्षणभरात शाहनवाजच्या मनात काहीतरी उसळते आणि तो मिलखीला लाथ घालून जिन्यावरून खाली ढकलतो. दागिने मात्र इमानदारीने पोहोचते करतो. शाहनवाजला चांगला म्हणावे की वाईट? बरोबरीच्या मित्राशी इमान राखणारा आणि मित्राच्या नोकराला माणूस न मानणारा हा गृहस्थ आपल्याला अनोळखी नाही. धर्माच्या भांडणात गरिबाचा जीव किती स्वस्त होतो, हे भीष्मजी भाषण न देता एका जिन्यावर दाखवतात. यंत्रमागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसांच्या या गावात तो जिना समजावून सांगावा लागू नये.

दुसरा प्रसंग राजोच्या घरातला. घरातून पळालेले वृद्ध शीख जोडपे, हरनामसिंग आणि बंतो, एका मुसलमान घराचे दार ठोठावतात. राजो त्यांना आत घेते. थोड्या वेळाने तिचा नवरा लुटीची ट्रंक घेऊन येतो. ती ट्रंक हरनामसिंगचीच असते! कुलूप फोडायची तयारी चालते तेव्हा हरनामसिंग स्वतः किल्ली पुढे करतो. एका छपराखाली आसरा आणि लूट एकत्र नांदतात. रात्री राजो त्या दोघांना सुखरूप वाट दाखवते आणि ट्रंकेतून काढलेले दागिने परत देते. मालिकेत सुरेखा सिकरी यांनी ही राजो अशी उभी केली आहे, की तिला कुठल्याही समाजाचे प्रमाणपत्र लागत नाही. मुराद अलीवरून लेखकाला मुस्लिमद्वेष्टा ठरवणाऱ्याने राजोबद्दल काय ते सांगितले पाहिजे. राजोवरून लेखकाला मुस्लिमधार्जिणा ठरवणाऱ्याने मुराद अलीचे उत्तर दिले पाहिजे.

याचा अर्थ ‘तमस’ निर्दोष आहे असा नाही. रिचर्ड हा इंग्रज अधिकारी मला खटकतो. इतिहासात रमणारा, थंड डोक्याचा हा साहेब शहर जळू देतो आणि सगळे आटोपल्यावर मदतीची व्यवस्था लावतो. इतिहासाला धरून ते असेलही. पण त्यामुळे वाचकाला एक सोयीची पळवाट मिळते. सगळे इंग्रजाने केले, आपण बिचारे फसलो! १९७० च्या भिवंडीत कुणी रिचर्ड नव्हता. मिरवणूक आपली, घोषणा आपल्या, दगड आपले आणि जळालेले मागही आपलेच होते. ज्या गावामुळे कादंबरी सुचली, त्या गावाचा सर्वांत अवघड प्रश्न तिने थोडा बाजूला ठेवला, असे मला वाटते. हे मत कुणाला पटणार नाही. त्याने पुस्तक उघडून माझे म्हणणे खोडून काढावे. वाद असा व्हावा.

कादंबरीच्या शेवटी अमन कमिटीची बस निघते. त्या बसमध्ये बसून एकतेच्या घोषणा देणारा माणूस मुराद अलीच असतो. शांतता समित्यांवर इतका कडवट शेरा दुसरा नसेल. पण ज्या १९८८ साली हा शेवट दूरदर्शनवर पोहोचला, त्याच साली भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्यांचे काम सुरू केले. १९७० आणि १९८४ अशा दोन दंगली या गावाने भोगल्या होत्या. या कमिट्यांत नेहमीचे पुढारी मिरवण्याऐवजी गल्लीतली दोन्ही समाजांची साधी माणसे पोलिसांसोबत बसू लागली. लहानसहान तंटे आणि अफवा तिथेच समोरासमोर तपासल्या जाऊ लागल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे यांच्या पुस्तकाचे नावच आहे, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या यशाला इतरही कारणे असतील. तरी ऐकलेली गोष्ट शेजाऱ्याला विचारून पाहायची सवय हे त्यातले एक कारण नक्की आहे. कादंबरीच्या कडवट शेवटाला भिवंडीने आपल्या वागण्यातून दिलेले हे उत्तर आहे.

मला मत मांडण्याची रीतही याच सवयीत दिसते. आपल्याकडे साक्षीला शहादत म्हणतात. साक्षीदार स्वतः पाहिलेले सांगतो. मोहल्ल्यात काय चर्चा आहे ते सांगणारा साक्षीदार ठरत नाही. कुणी बातमी आणली तर तिची शहानिशा करा, नाहीतर नकळत दुसऱ्यांचे नुकसान करून बसाल, अशी ताकीद कुरआनने दिली आहे. ती लढाईच्या बातमीइतकीच चित्रपटाच्या बातमीलाही लागू पडावी. एखादी कलाकृती आवडली नाही, ती आपल्या समाजावर अन्याय करते असे वाटले, तर तसे ठणकावून सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ‘तमस’ भिकार आहे असेही म्हणता येईल. पण ते पूर्ण पाहून, अमुक प्रसंगात अमुक चुकले असे दाखवून म्हणावे. मला आवडले नाही म्हणून दुसऱ्यानेही पाहू नये, ही मागणी यापेक्षा अगदी वेगळी. तिथे मत संपते आणि जबरदस्ती सुरू होते.

आपल्यापुढे अडचण दुहेरी आहे. बाहेरचा आपल्याला समाजाचा प्रतिनिधी समजतो, आतला आपल्याकडून निष्ठेची खात्री मागतो. दोघांनाही ‘मी’ म्हणून उत्तर देणे महाग पडते. कधी मैत्री तुटते, कधी लग्नकार्याची बोलावणी थांबतात. तरी मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाने ही किंमत मोजल्याशिवाय त्याच्या लिहिण्याला वजन येणार नाही. शाहनवाजला मुसलमान म्हणून पाठीशी घालणारा समीक्षक जिन्याखाली पडलेल्या मिलखीचा अपराधी ठरतो. राजोकडे पाहायलाच नकार देणारा समीक्षक तिच्या दारावर विश्वासाने थाप मारणाऱ्या बंतोचा अपराधी ठरतो. पुढच्या वेळी कुणी ‘तुम्हां लोकांचं काय म्हणणं आहे’ असे विचारील, तेव्हा त्याला सांगावे, की लोकांचे मला ठाऊक नाही; मी हे पाहिले आहे, आणि माझे म्हणणे असे आहे.