भातखाचरातील नत्राचा ‘ऱ्हास’ : चारसूत्री पद्धतीविषयक लेखनाची एक चिकित्सा

डॉ. एन. के. सावंत यांच्या नावाशी निगडित असलेली चारसूत्री भातशेती कोकणातील वाचकास परिचित आहे : तूस व पेंढा यांचा फेरवापर, गिरिपुष्पाच्या पाल्याचे खत, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट. प्रस्तुत लेखातील आक्षेप चौथ्या सूत्रावर नाही. मराठी विस्तारलेखनात त्याचे जे समर्थन केले जाते, त्यावर आहे.

या लेखनात ‘नत्राचा ऱ्हास’ हा एकच शब्दप्रयोग अनेकदा तीन भिन्न घटनांसाठी येतो. अमोनिया उडून जातो; नायट्रेट पाण्याबरोबर झिरपते; आणि विनत्रीकरणात जिवाणू नायट्रेटपासून प्रथम नायट्रस ऑक्साइड व अखेरीस नत्रवायू तयार करतात. शेतकऱ्याच्या लेखी तिन्ही सारखेच नुकसान. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत मुळात २०.७ किलोच नत्र असते. परंतु शेवटच्या दोन वायूंत महदंतर आहे. नत्रवायू हवेत ७८ टक्के आहेच, तो निरुपद्रवी. नायट्रस ऑक्साइडची तापवर्धनक्षमता मात्र शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट असल्याचे आयपीसीसीचा २०२१ चा अहवाल सांगतो.

मालवण किनारपट्टीत हा भेद दुर्लक्षून चालणार नाही. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि आम्लतेत विनत्रीकरणाची शेवटची पायरी मंदावते. मळ्याच्या जमिनीत पाणी टिकून राहिले की आम्लता घटते व प्रक्रिया बहुधा नत्रवायूपर्यंत पोहोचते. भरड जमिनीचे तसे नाही. पावसाने चार दिवस ओढ दिली की खाचर कोरडे पडते, अमोनियमचे नायट्रेट होते आणि पुढच्या सरीबरोबर त्याचा वायू होऊ लागतो. आयपीसीसीच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत सतत पाण्याखालील भातासाठी दिलेल्या नत्राच्या ०.३ टक्के, तर अधूनमधून निचरा होणाऱ्या भातासाठी ०.५ टक्के नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने जाते असे धरले आहे. या जागतिक सरासऱ्या होत. मळा आणि भरड त्यांना ठाऊक नाहीत.

ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोवली असता अमोनियम प्राणवायूरहित थरात राहते, त्याचे नायट्रेट सहसा होत नाही. जपानी मृदाशास्त्रज्ञ शिओइरी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे तत्त्व मांडले होते. चौथ्या सूत्राचे खरे बळ येथे आहे. पुस्तिका मात्र खतबचत व उत्पन्नवाढ एवढ्यावरच थांबतात. परिणामी चार चुडांमध्ये एकेक ब्रिकेट वाकून खोवणाऱ्या स्त्रीची मजुरी केवळ वाचलेल्या युरियाशी तोलली जाते, आणि अनुदानित युरिया स्वस्त असल्याने ती महाग ठरते. शिवाय, चिखल खोलवर सुकणाऱ्या भरडीत तो थरच प्राणवायूरहित राहत नाही. मग एकच शिफारस दोन्ही जमिनींना कशी लागू पडावी?

हवेतच विपुल असल्याने मातीतून निघणारा नत्रवायू थेट मोजणे दुष्कर. त्यासाठी समस्थानिकयुक्त, महागडा युरिया लागतो. नायट्रस ऑक्साइडचे नमुने मात्र साध्या बंद पेटीने घेता येतात. एका मळ्यात व एका भरडीत, उघडिपीपूर्वी आणि पुन्हा पाऊस लागल्यावर असे नमुने घेऊन ते गॅस क्रोमॅटोग्राफ असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठविणे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे नाही.