केली यांचे सूत्र आणि चाचणी-अहवालांची भाषा

स्वयंचलित सौदा-पद्धतीच्या चाचणीचा अहवाल हा आता एक स्वतंत्र गद्यप्रकार होऊन बसला आहे. खरेदी-विक्रीचे नियम संगणकास द्यावयाचे, मागील काही वर्षांच्या भावांवर ते चालवून पाहावयाचे, आणि निघालेला हिशेब मांडावयाचा, अशी त्याची रचना असते. बाजारातील मंडळी यास ‘बॅकटेस्ट’ म्हणतात. अशा अहवालाचे बहुधा दोन भाग पडतात. केव्हा घ्यावे व केव्हा विकावे, हा पहिला भाग. प्रत्येक सौद्यात भांडवलाचा कितवा हिस्सा पणास लावावा, हा दुसरा. व्यवहारात त्यास ‘मनी मॅनेजमेंट’ अथवा ‘पोझिशन सायझिंग’ अशी नावे आहेत. पहिल्या भागावर वाद पुष्कळ होतो. दुसरा भाग मात्र गणिताच्या आधारावर उभा असल्यामुळे निर्विवाद मानला जातो, आणि हा आधार म्हणजे बहुतेक वेळा १९५६ मधील एका निबंधातील सूत्र होय. हे सूत्र मूळ निबंधातून चाचणी-अहवालात येताना त्याच्या अर्थात कोणता पालट झाला, हे पाहणे अगत्याचे आहे; कारण दोष गणितात नसून वाक्याच्या अर्थात शिरला आहे.

बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांचे नाव ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. केली व लॉकबॉम यांनी स्वरमार्गाचे जे नळीरूप प्रतिमान सिद्ध केले, ते वाक्संश्लेषणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९५६ मध्ये ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’मध्ये आलेला त्यांचा निबंध मात्र क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या माहिती-सिद्धान्ताविषयी आहे. एका जुगाऱ्याजवळ खाजगी तार आहे. बेसबॉलच्या सामन्याचा निकाल लोकांस कळण्यापूर्वी तिच्यावरून त्याला कळतो. परंतु तारेत गोंगाट असल्यामुळे संदेश कधी खरा निघतो, कधी खोटा. अशा जुगाऱ्याने प्रत्येक डावात भांडवलाचा किती अंश लावावा? समान रकमेच्या पैजेत केली यांचे उत्तर सुटसुटीत आहे : खऱ्या संदेशाच्या संभाव्यतेतून खोट्या संदेशाची संभाव्यता वजा करावी, जी बाकी उरेल तो अंश. असे केल्यास भांडवलाच्या वाढीचा घातांकी वेग सर्वाधिक होतो, आणि तो वेग त्या तारेच्या माहिती-वहनाच्या वेगाइतकाच असतो. निबंधाचे खरे प्रतिपाद्य हे दुसरे विधान होय. जुगारी हा तेथे दृष्टान्त आहे. सिद्धान्त आहे माहितीचा.

मराठी व्याकरणाची परिभाषा थोडी सैल करून वापरली, तर केली यांचे मध्यवर्ती विधान संकेतार्थी आहे असे म्हणता येईल. खऱ्या संदेशाची संभाव्यता अमुक असेल, ती कायम राहणार असेल, आणि जिंकलेला पैसा पुन्हा डावात घातला जाणार असेल, तर अमुक अंश योग्य ठरेल, असे त्याचे स्वरूप आहे. तारेचा गोंगाट किती हे प्रश्नाच्या मांडणीतच दिलेले आहे. ते शोधून काढण्याची जबाबदारी जुगाऱ्यावर नाही. संकेत पुरा झाला की निष्कर्ष अटळ आहे. पुरा झाला नाही, तर सूत्र खोटे ठरत नाही. ते त्या ठिकाणी लागूच होत नाही.

सूत्राचे बळ एका साध्या हिशेबाने ध्यानात येते. शंभर डावांपैकी ५५ जिंकले व ४५ हरले असे धरू. सूत्रानुसार योग्य अंश दहा टक्के येतो. एक लाख रुपयांनी आरंभ करून दर वेळी दहा टक्के लावले, तर अखेरीस सुमारे १,६५,००० रुपये होतात. पाच टक्के लावले तर सुमारे १,४५,५००. वीस टक्के लावल्यास ९८,६००, म्हणजे जिंकलेल्या डावांची संख्या अधिक असूनही मुद्दलात घट; आणि तीस टक्के लावल्यास अवघे १९,८०० उरतात. जिंकणे-हरणे चारही ठिकाणी तेच. फरक केवळ रकमेच्या अंशाचा. चांगली पद्धती अविचारी अंशामुळे बुडू शकते, ही गोष्ट केली यांच्या सूत्राने निःसंदिग्ध केली. उलट बाजू मात्र खरी नाही. सरासरीने तोट्याची असलेली पद्धती, अंश कसाही बदलला, तरी सरासरीने नफ्याची होत नाही. भांडवल-नियोजन असलेला गुण राखू शकते. नसलेला निर्माण करू शकत नाही.

एडवर्ड थॉर्प यांनी हा विचार पत्त्यांच्या टेबलावर नेला. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बीट द डीलर’ या त्यांच्या ग्रंथात ब्लॅकजॅकच्या खेळाचे गणित आहे. जोडात ५२ पाने. पडलेली पाने लक्षात ठेवली म्हणजे उरलेल्यांचा हिशेब करता येतो आणि डाव कोणाच्या बाजूस झुकला आहे हे मोजता येते. तेव्हा तेथेही संकेत पुरा होतो. संभाव्यता तर्काने येते, आठवणीने नव्हे. आणि पाने मध्येच बदलत नाहीत.

बाजारातील चाचणी-अहवालात नेमका या ठिकाणी पालट होतो. तेथे जोड दिलेला नाही व तारेचा गोंगाटही सांगितलेला नाही. आहे ती झालेल्या सौद्यांची यादी. अहवालकर्ता यादीतील नफ्याच्या सौद्यांचे प्रमाण काढतो, ते संभाव्यतेच्या जागी ठेवतो, आणि निघालेला अंश ‘इष्टतम’ म्हणून छापतो. ‘असेल, तर’ या शब्दांच्या जागी ‘आहे’ हा शब्द येतो. संकेतार्थाचा स्वार्थ झाला, आणि भूतकाळाचे वर्णन भविष्याचे विधान बनले. राल्फ व्हिन्स यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात मांडलेली ‘ऑप्टिमल एफ’ ही रीत या पालटाचे सर्वांत सुसंगत उदाहरण होय. तीत झालेल्या सौद्यांच्या यादीवरूनच अंश ठरतो, आणि यादीतील सर्वांत मोठा तोटा हे माप धरले जाते. या अंशाबरोबर भांडवलात मोठमोठ्या घसरणी येतात हे व्हिन्स यांनी लपविलेले नाही. तथापि मूळ अडचण निराळी आहे. आजवर झालेला सर्वांत मोठा तोटा म्हणजे होऊ शकणारा सर्वांत मोठा तोटा नव्हे. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेतील डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्क्यांनी घसरला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंतच्या यादीवरून ज्याने माप घेतले असेल, त्याच्या मापात हा दिवस नव्हता.

या पालटाची किंमत अंकांत सांगता येते. शंभर सौद्यांत ५५ नफ्याचे निघाले, तर त्या प्रमाणाची प्रमाण-त्रुटी सुमारे पाच टक्क्यांची असते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, निव्वळ नाणे उडविले तरी शंभरांत ५५ अथवा अधिक वेळा छाप पडण्याची संभाव्यता सुमारे १८ टक्के आहे. आता नियमांचे वीस निरनिराळे प्रकार तपासून त्यांतील सर्वांत चांगला तेवढा निवडला, असे समजा. ते वीसही प्रकार नाण्यासारखेच निर्गुण व परस्परांपासून स्वतंत्र असले, तरी त्यांपैकी किमान एकाने ५५ चा आकडा गाठण्याची संभाव्यता ९८ टक्के होते. अहवालात मात्र तो एकच प्रकार येतो. उरलेले एकोणीस वाचकास दिसत नाहीत. संगणक वीस नव्हे, वीस हजार प्रकार एका रात्रीत तपासू शकतो. त्यामुळे हा धोका पूर्वीपेक्षा वाढलाच आहे.

चुकीचे प्रमाण सूत्रात घातले म्हणजे सूत्र ती चूक वाढवून परत करते. पद्धतीचे खरे प्रमाण ५२ असून चाचणीत ते ५५ दिसले, असे धरू. अहवालाप्रमाणे दहा टक्के अंश लावणाऱ्याचे एक लाख रुपये, ५२ विजय व ४८ पराजय झाले असता, सुमारे ९०,४०० वर येतात. खऱ्या प्रमाणानुसार चार टक्के लावले असते, तर तेच भांडवल सुमारे १,०८,३०० झाले असते. पद्धती खरोखर चांगली होती. भांडवल घटले ते चाचणीवरच्या विश्वासामुळे. अहवालाचा पहिला भाग किंचित फुगलेला असला तर दुसरा भाग त्या फुगवट्यावर व्याज आकारतो. दोन्ही भाग एकाच यादीवर तपासले जातात, म्हणून ही गोष्ट अहवालात कोठेच उघड होत नाही.

दुसरी एक उणीव अशा अहवालांत वारंवार आढळते. ठराविक अंश लावला असता अंतिम रक्कम सौद्यांच्या क्रमावर अवलंबून राहत नाही. ५५ विजय आधी येवोत की नंतर, गुणाकार तोच. परंतु वाटेत भांडवल किती खोल जाईल, हे क्रमावरच अवलंबून असते. दहा टक्के अंश असताना लागोपाठ दहा पराजय आले, तर एक लाखाचे ३४,९०० च्या आसपास उरतात, आणि मूळ पदास येण्यास १८७ टक्के वाढ लागते. अंश एक टक्का असता, तर त्याच दहा पराजयांनंतर ९०,४०० शिल्लक राहिले असते. केवळ अंतिम रक्कम सांगणारा अहवाल म्हणूनच अपुरा आहे. सौद्यांचा क्रम हजारो वेळा पिसून घसरणीची खोली किती संभवते हे पाहणे, हा त्यावरील साधा उपाय होय. मात्र पिसूनही यादीतील सौदे तेच राहतात, हे विसरता कामा नये.

पॉल सॅम्युएल्सन यांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. १९७९ मध्ये त्यांनी या विषयावर लिहिलेला छोटा निबंध शैलीच्या दृष्टीनेही अपूर्व म्हणावा लागेल; कारण शेवटचा एक शब्द सोडल्यास तो सगळा एकाक्षरी इंग्रजी शब्दांत रचलेला आहे. दीर्घ काळात केली यांची रीत इतर रीतींना बहुधा मागे टाकते, हे त्यांनी नाकारलेले नाही. परंतु ‘बहुधा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे, आणि हरणाऱ्या थोड्या प्रसंगी तोटा फार मोठा असू शकतो. तो तोटा सोसण्याची तयारी प्रत्येकाची सारखी नसते. वाढीचा वेग सर्वाधिक असणे हे एक प्रयोजन आहे. ते सर्वांचे प्रयोजन आहे असे गणित सांगत नाही. संभाव्यतेविषयीचा संकेत जसा अहवालातून गळाला, तसा प्रयोजनाविषयीचा हा दुसरा संकेतही गळाला आहे.

याचा अर्थ चाचणी निरर्थक आहे असा नाही. न तपासलेल्या पद्धतीपेक्षा तपासलेली पद्धती केव्हाही बरी. प्रश्न इतकाच की चाचणीतून निघणारे भांडवल-नियोजनाचे वाक्य कोणत्या अर्थाचे असावे. शिकागो येथील रिचर्ड डेनिस व विल्यम एकहार्ट यांनी १९८३ मध्ये ‘टर्टल’ म्हणून ओळखला जाणारा जो वर्ग सुरू केला, त्याचे नियम या दृष्टीने बोधप्रद आहेत. वीस दिवसांच्या चढउताराची सरासरी काढावी. भाव तेवढ्याने हलला असता खात्याचा एक टक्का हलावा, एवढेच एकक घ्यावे. भाव त्याच्या दुप्पट विरुद्ध गेला की बाहेर पडावे. बाजार कसा आहे याविषयी या वाक्यांत दावा नाही. काय करावे एवढेच सांगितले आहे. ती विध्यर्थी आहेत. नफ्याचे प्रमाण चाचणीत किती आले यावर ती एकके अवलंबून नाहीत. म्हणून चाचणी चुकली तरी नियमाने ठरलेली मर्यादा बहुतांशी टिकते. अंदाज चुकू शकतो हे जाणून केलीच्या अंशाचा निम्मा भाग लावणारे हीच वाट चोखाळतात. वर दिलेल्या उदाहरणात निम्म्या अंशाने वाढीच्या वेगाचा तीन-चतुर्थांश भाग हाती राहतो, आणि घसरण पुष्कळ सौम्य होते.

भारतात हा प्रश्न केवळ अभ्यासिकेतील राहिलेला नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत शेअरबाजारातील फ्युचर्स व ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यांतील किती जणांजवळ चाचणी-अहवाल होता, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. परंतु आकारमानाचा प्रश्न येथे किती कठोर आहे, हे दुसऱ्या एका नियमावरून दिसते. नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकावरील नव्या करारांचे मूल्य, ते बाजारात येताना, किमान १५ लाख रुपये असले पाहिजे असे ठरले. फ्युचर्सच्या अशा एका लॉटमध्ये निर्देशांक एक टक्का हलला की १५,००० रुपये हलतात. तीन लाखांचे भांडवल असलेल्या माणसाच्या बाबतीत हा पाच टक्क्यांचा फरक झाला. त्याच्या नियमाने एक टक्का सांगितला असेल, तर त्यास लॉटचा पाचवा हिस्सा घ्यावा लागेल. आणि लॉटचा पाचवा हिस्सा बाजारात मिळत नाही. सूत्रातील अंश हवा तितका सूक्ष्म करता येतो; बाजारातील एकक तसे विभागता येत नाही. अशा प्रसंगी नियमाचे खरे उत्तर ‘सौदा करू नये’ हेच असते, आणि चाचणी-अहवालांत नेमके हेच उत्तर क्वचित छापलेले आढळते.

तेव्हा अशा अहवालाचे परीक्षण करताना वाचकाने तीन गोष्टी पाहाव्यात. पद्धती ज्या भावांवर घडविली, त्यांहून निराळ्या, बाजूस राखलेल्या भावांवर ती तपासली आहे काय. दलाली, कर व भावातील घसर हिशेबात धरली आहे काय. आणि सौद्याचा अंश चाचणीपूर्वी ठरला होता, की चाचणीच्या निकालातूनच काढला गेला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आता अनेक अहवालांत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर बहुधा मिळत नाही, कारण तो प्रश्न आहे हेच सूत्राच्या अधिकाराखाली झाकले जाते. केली यांचे सूत्र अजूनही अचूक आहे. मात्र त्याच्या आरंभीचा ‘जर’ ज्या अहवालाने गाळला, त्यास त्या सूत्राचा आधार सांगण्याचा अधिकार उरत नाही.