परातीतली गोटी आणि चंद्रावरची विवरे

आघाताने होणारी विवरे शिकवायची म्हटली की एक प्रयोग हमखास पुढे येतो. परातीत मैदा पसरायचा, त्यावर लाल मातीचा पातळ थर द्यायचा आणि वरून गोट्या टाकायच्या. प्रयोग स्वस्त आहे, मुलांना आवडतो. खालचा मैदा उसळून लाल थरावर फाकला की चंद्रावरच्या टायको विवराभोवतीचे उजळ पट्टे कसे झाले असतील याची कल्पना येते. नवे विवर जुन्याची कड मोडते, हेही दिसते. एवढ्यापुरता प्रयोग उत्तम.

तक्रार आहे ती पुढच्या भागाबद्दल. गोटी तिरपी फेकली की खड्डा लांबट होतो, आणि गोटी खड्ड्यातच पडून राहते. मुले हे दोन्ही लक्षात ठेवतात, आणि ग्रहांच्या बाबतीत दोन्ही चूक आहे. चंद्र, बुध, मंगळ कुठेही पाहा. अशनी बहुधा तिरपेच येतात, तरी जवळजवळ सारी विवरे गोल असतात.

याच कोड्याने ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या नामवंत भूशास्त्रज्ञाला १८९० च्या दशकात अडवले होते. चंद्रावरची विवरे आघाताची आहेत, हे त्याने ओळखले. पण गोलाई जुळवण्यासाठी त्याला पृथ्वीभोवती छोट्या चंद्रांचे एक कडेच कल्पावे लागले!

चूक वेगाची होती. मीटरभर उंचीवरून सोडलेली गोटी सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने आदळते. अशनी १२ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ३ किलोमीटर वेगालाच कोणत्याही दगडात त्याच्या वजनाइतक्या टीएनटीएवढी ऊर्जा असते. १२ किलोमीटरला सतरापट. म्हणजे हा खड्डा पडत नाही, स्फोटाने उडतो. आणि स्फोटाला दिशा नसते. आघात अगदीच घसटता असेल, तरच विवर लांबट होते.

बॅरिंजर या खाणमालकाने अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या १.२ किलोमीटर रुंद विवरात १९०३ पासून १९२९ पर्यंत लोखंडाचा गोळा शोधला. परातीतल्या गोटीसारखा तो तळाशी असणारच, ही त्याची खात्री. प्रत्यक्षात सुमारे ५० मीटरच्या त्या अशनीचा बराचसा भाग आघातातच वितळला, वाफ होऊन गेला किंवा विखुरला.

आपल्या लोणारला सहल गेली की मुले हेच विचारतात, "तो दगड कुठे आहे?" तेथील तळाच्या वेधनांत मिळाला तो आघाताने चुरडलेला, काही ठिकाणी काचेसारखा झालेला बेसॉल्ट. हे उत्तर परातीतून मिळणार नाही. म्हणून गोट्या टाकून झाल्यावर परात बाजूला ठेवावी आणि नववी-दहावीच्या मुलांना ½mv² हे सूत्र देऊन एक किलो दगडाची ऊर्जा दोन्ही वेगांना काढायला लावावी. गुणोत्तर सुमारे ७० लाख येते.