मुळं दिली, समीकरण मिळालं. पुढं काय?

बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये (२०१८ ची आवृत्ती) वर्गसमीकरणांच्या प्रकरणात मुळांवरून समीकरण तयार करायचा एक छोटा भाग आहे. मांडणी स्वच्छ आहे: (क्ष − अ)(क्ष − ब) = ० पासून सुरुवात, मग क्ष² − (मुळांची बेरीज)क्ष + (मुळांचा गुणाकार) = ०. सूत्र आभाळातून पडत नाही, हे चांगलंच. माझी तक्रार पुढची आहे. सरावसंचात मुळांवरून समीकरण तयार करायचे जे प्रश्न आहेत, त्यांचा रोख समीकरण लिहून मोकळं होण्यावर आहे. संशोधनाकडे जाणाऱ्यानं मात्र इथंच थांबून तीन प्रश्न विचारायला हवेत.

वैरागच्या शिवारातला सुमारे २४ गुंठ्यांचा आयताकृती तुकडा घ्या. लांबी-रुंदीची बेरीज १०० मीटर, क्षेत्रफळ २४०० चौरस मीटर. समीकरण: क्ष² − १००क्ष + २४०० = ०. मुळं ६० आणि ४०.

पहिला प्रश्न: समीकरण एकच आहे का? नाही. ३क्ष² − ३००क्ष + ७२०० = ० चीही मुळं तीच. क्ष² चा सहगुणक १ ही आपण घातलेली अट आहे. अट न सांगता ‘एकमेव’ म्हणायचं नाही, ही सवय इथूनच लागते.

दुसरा: समीकरणात कोणती माहिती उरली नाही? रस्त्याला ६० ची बाजू लागते की ४० ची, हे ते सांगत नाही. बेरीज आणि गुणाकार, दोघांनाही मुळांचा क्रम कळत नाही. मुळांची अदलाबदल केली तरी काय बदलत नाही, या विचाराचा धागा पुढं थेट गाल्वापर्यंत जातो.

तिसरा, मला सर्वांत महत्त्वाचा: मोजणी जरा चुकली तर? २४०० ऐवजी २४०१ आलं, तर बाजू साधारण ५९.९५ आणि ४०.०५ येतात. फरक पाच सेंटिमीटर. आता तुकडा ५० × ५० चा घ्या. २५०० ऐवजी २४९९ मोजलं तर बाजू ५१ आणि ४९. चूक तेवढीच, एक चौरस मीटर. पण फरक अख्ख्या मीटरचा! आणि २५०१ मोजलं तर असा आयतच नाही, मुळं वास्तव राहत नाहीत.

म्हणजे मुळांकडून सहगुणकांकडे जाणं सोपं, पण परतीची वाट मुळं जवळजवळ असली की निसरडी. जेम्स विल्किन्सननं १ ते २० ही मुळं असलेली बहुपदी घेतली आणि क्ष¹⁹ चा सहगुणक −२१० फक्त २⁻²³ नं कमी केला. वीसपैकी दहा मुळं संमिश्र झाली.

पुस्तकात यासाठी नवं प्रकरण नको. सरावसंचात एकच प्रश्न वाढवा: ‘गुणाकार १ नं बदलला तर मुळांचं काय होईल?’ तोवर तो तुम्ही स्वतःलाच विचारा. कोणतंही सूत्र हातात आलं, की ते उलट चालवून बघा.