तुरीन ते बिडकीन

टाटा मोटर्सची ‘रेसमो’ तुम्ही पाहिली असेल तर बहुधा फोनच्या पडद्यावरच. मार्च २०१७मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन सीट, मध्यभागी इंजिन, वरच्या दिशेने उघडणारे दरवाजे, १९० पीएस ताकद. तिचं डिझाइन इटलीतल्या तुरीन शहरात, टाटांच्याच स्टुडिओत झालं होतं. पुढे प्रकल्प गुंडाळला गेला आणि गाडी विक्रीला आलीच नाही.

अशा गाडीचं परीक्षण करताना अ‍ॅव्हरेज, सर्व्हिस, रीसेल हे नेहमीचे प्रश्न कामाचे नाहीत. प्रोटोटाइपला दोनच प्रश्न विचारायचे असतात: तिने नवं काय दाखवलं, आणि ती शेवटी कोणाच्या हाती राहिली? बिडकीनच्या माणसाला यातला दुसरा प्रश्न जास्त जवळचा आहे. का, ते पुढे येईलच.

आधी तुरीनची परंपरा पाहू. १९७० साली दोन वेड्या गाड्या आल्या. बेर्तोने कंपनीसाठी मार्चेल्लो गांदिनी यांनी काढलेली ‘लांचिया स्त्रातोस झीरो’ जेमतेम ८४ सेंटिमीटर उंच होती, आणि आत शिरायचं ते समोरची काच उचलून. पिनिनफरिनासाठी पाओलो मार्तिन यांनी काढलेली फेरारीची ‘मोदुलो’ तर उडत्या तबकडीची बहीण शोभावी अशी. झीरो नुसती शोभेची नव्हती. नुच्चो बेर्तोने ती चालवत लांचियाच्या कारखान्यावर गेले आणि फाटकाच्या आडव्या दांड्याखालून सरळ आत शिरले, असं सांगतात. त्या भेटीतून पुढची ‘स्त्रातोस’ जन्मली, आणि तिने १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षं लांचियाला रॅलीचं जागतिक अजिंक्यपद मिळवून दिलं.

आता मालकीची गोष्ट. बेर्तोने आर्थिक अडचणीत आल्यावर २०११मध्ये झीरोचा लिलाव झाला. २०१४मध्ये कंपनीच बुडाली. तिच्याकडे उरलेल्या ७९ गाड्यांचा संग्रह मात्र फुटला नाही, कारण इटलीच्या सरकारने त्याला सांस्कृतिक वारशाचं संरक्षण दिलं होतं. जुन्या गाड्यांच्या तिथल्या राष्ट्रीय संघटनेने २०१५मध्ये तो एकगठ्ठा विकत घेतला. मिलानच्या मालपेन्सा विमानतळाजवळच्या वोलांडिया संग्रहालयात तो लोकांसाठी मांडला गेला. म्हणजे दिवाळखोरीतही कुणीतरी म्हणालं की हे भंगार नाही, आणि हे सगळं एकत्रच राहायला हवं.

याच काळात महाराष्ट्राचा पैसा तुरीनला पोहोचला. २०१०मध्ये टाटा मोटर्सने तिथल्या ‘त्रिलिक्स’ या डिझाइन कंपनीचा ८० टक्के हिस्सा साडेअठरा लाख युरोंना घेतला. डिसेंबर २०१५मध्ये महिंद्र समूहाने पिनिनफरिनाचे सुमारे ७६ टक्के शेअर घेण्याचा करार केला. पण ‘मोदुलो’ त्याआधीच, २०१४मध्ये, जेम्स ग्लिकेनहाउस या अमेरिकी संग्राहकाकडे गेली होती. त्यांनी ती दुरुस्त करून रस्त्यावर आणली. मुंबईला नाव आणि कारागीर मिळाले, ‘मोदुलो’ न्यूयॉर्कची झाली.

या पार्श्वभूमीवर ‘रेसमो’कडे पाहावं. तिची लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १.२ लिटरचं. छोट्या गाड्यांना करात सवलत देणारी आपल्याकडची मर्यादा बरोबर हीच आहे. इटालियन अंगकाठी भारतीय करनियमात बसवणं मला या डिझाइनमधलं सगळ्यात हुशार काम वाटतं. चाकं कोपऱ्यांकडे सरकवल्यामुळे बाजूने गाडी दबा धरून बसल्यासारखी दिसते. चेहरा मात्र गजबजलेला आहे. एकाच नाकावर फार काही सांगायची घाई झालेली दिसते.

तीच घाई तिच्याभोवतीच्या बोलण्यातही होती. ‘फिजिटल’, क्लाउड, व्हिडिओ गेममधला अवतार, असे मोठमोठे शब्द स्टेजवर आले. झीरो फाटकाखालून गेली तेव्हा तिने एका कारखान्याचं मन वळवलं. रेसमोने कोणाचं मन वळवायचं, हेच ठरलेलं दिसलं नाही. एखादा प्रकल्प हिशेबात बसला नाही म्हणून बंद करण्यात गैर काही नाही. पण त्या गाडीने काय शिकवलं हे शिकणाऱ्यांपर्यंत पोहोचलं नाही, तर तो खर्च खरोखर वाया गेला.

इथे बिडकीनचा प्रश्न येतो. पैठण रस्त्यावरच्या या गावाभोवतीची हजारो एकर शेतजमीन औद्योगिक वसाहतीसाठी गेली. ‘एथर’ची इलेक्ट्रिक दुचाकी, जुलै २०२४मध्ये सामंजस्य करार झालेला टोयोटा-किर्लोस्करचा कारखाना, अशी नावं आता इथे घेतली जातात. त्याआधी वाळूजला बजाज आणि शेंद्र्याला स्कोडा आलेच होते. म्हणजे जिल्ह्याने गाड्या जोडणारे हात दोन पिढ्या पुरवले आहेत. गाडी काढणारा हात मात्र अजून तुरीनचा, नाहीतर पुण्याचा.

शेजारच्या पैठणला हातमागावर बांगडी-मोर विणणारा कारागीर ती नक्षी घरात, गल्लीत पाहत शिकतो. डोळा असाच तयार होतो. आयटीआयमधल्या मुलीला चांगली गाडी कशी दिसते हे कळायचं असेल, तर तिला फसलेला प्रोटोटाइपही जवळून पाहता यायला हवा: दरवाज्याचं बिजागर, पॅनलची कड, खोडलेली रेघ. फोनवरच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

इटलीने बेर्तोनेचा संग्रह वाचवला तो गाड्या महाग होत्या एवढ्यासाठीच नाही, तर त्या एका शहराची शिकवणी होत्या म्हणून. आपल्या कंपन्यांकडेही असे बंद पडलेले नमुने आहेत. त्यातला एखादा बिडकीनच्या वसाहतीत, तिकिटाशिवाय बघता येईल असा ठेवला तर खर्च फारसा नाही. जमीन दिलेल्या गावाने एवढं मागणं जास्त नाही.