आई फडावर असताना ‘श्यामची आई’

अभ्यासक्रमाबाहेरचे, आयुष्याला पुरेल असे काही मुलांना शिकवायचे म्हटले की मराठी शिक्षकाचा हात पहिल्यांदा ‘श्यामची आई’कडे जातो. माझाही गेला. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील ज्या शाळेत मी मराठी शिकवत होतो, तिथे परिपाठ संपला की या पुस्तकातील एक प्रसंग वाचून दाखवायचा, असा माझा नेम होता. पाय घाण होऊ नयेत म्हणून जपणाऱ्या श्यामला आई मनही तसेच जपायला सांगते, तो प्रसंग वाचून झाल्यावर एकदा मी सातवीला निबंध घातला: ‘माझ्या आईने मला काय शिकवले’.

एका मुलीने लिहिले, आईने मला मोळी बांधायला शिकवले. उसाच्या वाढ्याला पीळ कसा द्यायचा, गाठ कुठे मारायची, म्हणजे डोक्यावरून गाडीपर्यंत नेताना मोळी सुटत नाही. तिने एवढेच लिहिले होते. मी शुद्धलेखनाच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या, ‘विषयाला धरून लिही’ असा शेरा दिला आणि दहापैकी चार गुण दिले. तो शेरा अजून माझा पिच्छा सोडत नाही. हा लेख त्याच्यापोटीच आहे.

धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत ज्या सुमारास दिवाळी अंक निघतात, त्याच सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगाम संपून माणसे परततात तेव्हा चैत्राचे ऊन तापलेले असते. मुले काही आईबरोबर कोपीवर जातात, काही आजीजवळ गावात राहतात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच हंगामी वसतिगृहे आली. म्हणजे आपल्या शाळेचे जे मुख्य सत्र, त्या सत्रात या मुलांना आई नसते.

आणि आपले संस्कारवाङ्मय? ते घर धरून चालते. तुळशीवृंदावन, सांजवात, परवचा आणि घरात असलेली आई. मूल्यशिक्षणाचा तक्ताही तसाच. त्यातील दहा मूल्ये आम्हा शिक्षकांना तोंडपाठ: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा वगैरे. पहाटे अंधारात फडात उतरणाऱ्या आणि रात्री ट्रक भरायला उठणाऱ्या बाईच्या मुलीला मी श्रमप्रतिष्ठा समजावून सांगत होतो. तेही खुर्चीत बसून.

यात पुस्तकाचा दोष किती आणि आमच्या वाचनाचा किती, हे पाहण्यासाठी मी ‘श्यामची आई’ पुन्हा वाचायला घेतले, या वेळी बोधकथा न शोधता. तेव्हा जे दिसले ते मला आधीच दिसायला हवे होते. हे पुस्तक आई घरी असण्याचे नाहीच. श्याम सांगतो आहे तेव्हा आई या जगात नाही, आणि ऐकणारे आहेत आश्रमातले सोबती, तेही आपापल्या घरांपासून दूर. आठवणींमधला श्यामही शिक्षणासाठी दापोलीला, औंधला जात राहतो. आईच्या शेवटच्या घटकेला तो जवळ नसतो.

साने गुरुजींनी हे लिहिले 1933 साली, नाशिकच्या तुरुंगात. त्याआधी 1924 ते 1930 ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पण त्यांची खरी शाळा भरे ती वसतिगृहात. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, सामान नीट लावून ठेवत. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. रोजचे दैनिक, अभ्यासक्रमात कुठेही नसलेले! आई जवळ नसलेल्या मुलांमध्ये राहून त्यांनी जे केले, तेच पुढे आईच्या आठवणींच्या रूपाने पुस्तकात आले, असे मला वाटू लागले आहे. याला कागदोपत्री पुरावा नाही. पण पुस्तकाची घडण तिकडे बोट दाखवते. श्यामची आई फारसे व्याख्यान देत नाही. पोहायला घाबरून लपलेल्या पोराला ती मारून विहिरीवर धाडते. ‘पत्रावळ’ या प्रकरणात श्यामला पत्रावळ लावायला शिकावे लागते, आणि बहुतेक शिकवण अशी हाताने करायच्या कामातूनच येते. मग वाढ्याची गाठ ‘विषयाला धरून’ नव्हती, हे मी कशाच्या बळावर ठरवले?

बीड जिल्ह्याला असे शिक्षक अनोळखी नाहीत. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत 1930च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण 53’मुळे सभा घ्यायलाही सरकारी परवानगी लागे, तिथे स्वातंत्र्य हा विषय वेळापत्रकात कुठून असणार? 1938मध्ये स्वामीजी शाळा सोडून हैदराबादच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. साने गुरुजींनीही 1930मध्ये सत्याग्रहासाठीच शाळा सोडली होती. या दोघांच्या धड्यातला मोठा भाग असा होता की मास्तर स्वतः उठून गेले. आम्ही पगार आणि परिपाठ दोन्ही सांभाळून तोच धडा वाचून दाखवतो.

तरीही या नव्या वाचनावर मी पूर्ण विसंबलेलो नाही. श्याम पत्रावळ लावायला शिकतो, पण पत्रावळी लावून त्याने पोट भरावे असे घरात कुणाला वाटत नाही. घरात दारिद्र्य असताना त्याला शिकायला बाहेर धाडले जाते. मोळीचे तसे नाही. गाठ सफाईने मारणारी पोर चांगला कोयता ठरते, तिचे लग्न लवकर जमते आणि पुढल्या हंगामात ती स्वतःच उचल फेडायला निघते. तिच्या कसबाचे वर्गात कौतुक करायचे, तर कसले कौतुक करतो आहोत हे शिक्षकाला नीट ठाऊक हवे. श्रमप्रतिष्ठेचा तास मुकादमाच्या सोयीचाही ठरू शकतो.

त्या मुलीने आठवीची परीक्षा दिली, नववीला ती पटावर नव्हती. निबंधाची वही शाळेतच राहिली होती. ती मी घरी आणून ठेवली आहे. या कार्तिकात गावच्या हंगामी वसतिगृहात मुलांना संध्याकाळी काही वाचून दाखवा, असे मला सांगणे आले आहे. ‘पत्रावळ’ वाचावे म्हणतो. त्याआधी मुलांनी मला वाढ्याला पीळ द्यायला शिकवावे, एवढी अट घातली आहे.